पहिल्या म्हावऱ्याची टोपली

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥

मोरा, ३ ऑगस्ट २०२५

चि. जीवन यास ताईचे अ. आ. वि. वि.

तुरुंगातल्या फोनवर आपले बोलणे रडण्यातच संपते, म्हणून लिहिते आहे. शुक्रवारी न्यायाधीशांनी तुला दोषी ठरवले. माझा नवरा तुझ्या हातच्या वल्ह्याने गेला आणि तू माझा पाठचा भाऊ. रडू कुणासाठी, हे दोन वर्षे झाली तरी मला कळलेले नाही.

भावनाताई वकील म्हणाल्या, या गुन्ह्याला कायद्याने फक्त वरची हद्द घातली आहे, दहा वर्षे. खालची हद्दच नाही. अधलेमधले सगळे न्यायाधीशांच्या हाती. त्यांनी आपल्या सगळ्यांना समोर बघितले आहे, साक्षीच्या वेळी मला खुर्ची द्यायला लावली, म्हणून ताईंना आशा वाटते. तेरा तारखेला ते तुला विचारतील, शिक्षेबद्दल काही सांगायचे आहे का. तेव्हा खांबासारखा उभा राहू नकोस. समुद्र खवळलेला असताना तुझे दाजी होडी काढायला निघाले आणि तू अडवत होतास, ते सांग. वल्हे रागात उगारलेस, जीव घ्यायला नाही, तेही सांग.

मलाही विचारणार आहेत. पण सासरे, काशिरामबाबा, मागच्या बाकावर बसलेले असतात. त्यांचा मुलगा गेला आहे. त्यांच्या घरात राहून त्यांच्यादेखत तुझ्यासाठी तोंड उघडणे मला जमेलसे वाटत नाही.

कोमल अजून तुला नमस्कार सांगत नाही. मनाला लावून घेऊ नकोस, तिचे बाबा होते ते. आणि तिथल्या आमटीला नावे ठेवून उपाशी राहू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे.

तुझी,
दमयंतीताई

कारागृह, ७ ऑगस्ट

ती. ताईस जीवनचा सा. न. वि. वि.

पत्र पोचले. आमटीला नावे ठेवणे सोडले आहे, तिच्यात नावे ठेवण्याइतकेही काही नसते.

मी काही मागणार नाही. तू तांडेलाची मुलगी आहेस. होडी तांडेलाच्या हुकमात चालते, म्हणून होडीवर जे होते त्याचा जाब तोच देतो आणि देताना कारणे सांगत नाही. आपल्या बाबांनी कधी सांगितली नाहीत. दाजी माझ्या होडीवर गेले, संपले. तूही बोलू नकोस. तुला त्या घरात राहून कोमलला वाढवायचे आहे. पण खरे सांगू का, दहा वर्षे ऐकल्यापासून एकच विचार आहे. आई तोवर असेल का?

तिच्यावर लक्ष ठेव. भेटीला आली होती तेव्हा न्यायाधीश कुठे राहतात, घरी कोण कोण असते, असे विचारत होती. मी हसण्यावारी नेले.

तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा,
जीवन

मोरा, १४ ऑगस्ट

चि. जीवन यास अ. आ.

घात झाला रे. काल तुला कोर्टाच्या कोठडीतून वर आणण्याआधीच काम संपले, म्हणून तुला ठाऊक नसेल.

नारळी पुनव झाली आणि आपल्या चुलत्याच्या शिवाची होडी पहिली परतली. पहिले म्हावरे देवीला, मग एक टोपली गावातल्या मोठ्या माणसाला, ही आपली रीत. आईने विचार केला, यंदा आपल्यासाठी न्यायाधीशांहून मोठे कोण? चांगली पापलेटे वर मांडून, उरणहून एसटीने पनवेल गाठून ती त्यांच्या बंगल्यावर गेली. शिपायाला वाटले, नेहमीची कोळीण असेल. तिने पायरीवर टोपली ठेवली, तुझे नाव सांगितले, उंबऱ्याला हात लावून पाया पडली आणि आली. घरी आली तेव्हा किती महिन्यांनी तिचा चेहरा उजळलेला दिसला.

न्यायाधीशांनी काल भर कोर्टात ते सांगितले. आवाज चढवला नाही. म्हातारीला त्रास देऊ नका म्हणाले. पण आता शिक्षा कमी दिली तर लोक टोपलीकडे बोट दाखवतील आणि जास्त दिली तर मलाच वाटत राहील की टोपलीचा राग काढला, तेव्हा हे प्रकरण मी सोडतो, असे म्हणाले आणि उठले.

आता दुसरे न्यायाधीश येणार. त्यांनी आपल्यापैकी कुणालाच पाहिलेले नाही, ते कागद वाचतील. कागदावर वल्हे आहे आणि मरण आहे. दोन वर्षे तू तिथे मान खाली घालून उभा राहिलास, ते कुठल्या कागदावर आहे? जीवन, या वेळी मी तुझे ऐकणार नाही. काशिरामबाबा मागे बसलेले असोत, मी बोलणार. आईला यातले काही सांगितलेले नाही.

ताई

कारागृह, २७ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल तू उभी राहिलीस तेव्हा मला वर बघवले नाही. नवरा परत येणार नाही, भाऊ तरी लवकर येऊ द्या, असे तू म्हणालीस आणि काशिरामबाबा उठून बाहेर गेले. नव्या साहेबांनी शांतपणे ऐकले, पण लिहिले काय? की दया मागणारी बाई मयताची विधवा आहे आणि आरोपीची बहीणही, त्यातली कोण मागते आहे हे सांगता येत नाही, म्हणून त्यावर विसंबता येत नाही. मला विचारले तेव्हा माझ्याने गप्प राहवले नाही. आई म्हातारी आहे, एवढेच बोललो. आठ वर्षे. झालेली दोन वजा होतील, तरी सहा उरतात. सहा वर्षे आई कशी काढेल, ताई?

घरात तुला कसे वागवतात ते खरे लिही. आणि एक कर, टोपलीमुळे पहिले साहेब गेले हे आईला कधीही कळू देऊ नकोस.

तुझा,
जीवन

मोरा, ४ सप्टेंबर

चि. जीवन यास अ. आ. वि. वि.

काशिरामबाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण मी वाढलेले जेवतात. कोमलने तुला नमस्कार सांगितला आहे. का, ते मी विचारले नाही. भावनाताई हायकोर्टात अपील करणार आहेत.

आईला मी सांगितले नाही, पण तिने आपल्या मनानेच अर्थ लावला आहे. धक्क्यावर सगळ्यांना सांगते, पोराला धा वरसं लागनार होती, म्हावरं पोचलं म्हनून आठ झाली. दोन वरसं त्या टोपलीनं काढली. काल शिवाला बजावले की पुढच्या पुनवेची चांगली पापलेटे कुणाला द्यायची नाहीत. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच विचारू लागली, हायकोर्टाचे साहेब मुंबईत कुठे राहतात, मोऱ्याहून लाँचने गेले तर जवळ पडेल का.

काय सांगू रे तिला? खरे सांगितले तर ती जगायची नाही, आणि नाही सांगितले तर ती टोपली घेऊन जाईल. उत्तर लवकर पाठव.

तुझी,
ताई