तीन उंदरांचे आकडे

नागपूर
१४ ऑगस्ट १९७४

ती. आईस,
पायांवर डोके ठेवून मनकर्णाचा नमस्कार. मी बरी आहे. वच्छलाचा ताप उतरला का?

मला मात्र आज राग आवरत नाही. रक्त कमी झाले की मूत्रपिंडातूनच एक हार्मोन निघते आणि तांबड्या पेशी वाढतात, असे माझ्या संशोधनाचे मार्गदर्शक सर मानतात, आणि तेच आम्ही उंदरांवर तपासतो. मूत्रपिंडे काढून रक्तही कमी केलेल्या तीन उंदरांचे सीरम, म्हणजे रक्तातले पाणी, मी दुसऱ्या तिघांना टोचले, तरी त्यांच्या पेशी वाढल्या. म्हणजे ते हार्मोन आणखी कुठूनतरी निघत असणार.

सर म्हणाले, "तुमचा सोमवार होता ना? उपाशी बाईला एकाचे दोन दिसतात. हे तिन्ही आकडे खोडा."

मी खोडले नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत वीस वर्षे मायक्रोस्कोपवर बसलेल्या रामाजीकाकांना, कोणत्या उंदराचे रक्त ते न सांगता, पुन्हा मोजायला लावले. ते म्हणाले, "तुह्या मोजणीत काहीच चूक नाही वं पोरी."

सरांनी तेही पाहिले आणि पुन्हा म्हणाले, "खोडा."

मार्चमध्ये शिष्यवृत्तीच्या कागदावर त्यांचीच सही लागते. नाही मिळाली तर मी घरी येईन, पण खोडणार नाही. बाबांच्या कानावर तूच घाल, आणि ते काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझी,
मनकर्णा