पंच्याहत्तर काडतुसं

केज,
ता. ११ फेब्रुवारी १९७३

श्री. धुळाजी मिस्त्री यांस,

केजहून त्रिंबक कंपाउंडरचा रामराम.

इकडं आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही, वहिनी आणि अंजना खुशाल असाल अशी आशा करतो. सात वर्षांत पहिल्यांदाच पत्र लिहितोय. तुमचा पत्ता नांदेड गाडीच्या कंडक्टरनं दिला. तुम्ही तिथं स्टोव्ह आणि कुलपं दुरुस्त करता असं तो म्हणाला. ऐकून बरं वाटलं असं लिहिणार होतो, पण तसं वाटलं नाही. ज्या हातानं बंदुकीची नळी सरळ केली त्या हातात स्टोव्हची पिन, हे काही डोळ्यापुढं येईना.

पावसाचं काय लिहू? यंदा नदीत वाळूसुद्धा कोरडी पडलीय. अर्धा तालुका खडी फोडायला रस्त्यावर आहे. दवाखान्यात दिवसभर ठेचलेली बोटं आणि डोळ्यात उडालेल्या कपच्या. टिंचर संपलं की नुसत्या मिठाच्या पाण्यानं धुतो.

पण आमची रविवारची नेमबाजी अजून चालू आहे, हे ऐकून तुम्ही हसाल. माळावर तोच बांध, तोच दगडांचा आडोसा. पूर्वी म्हाळू कुंभार मातीच्या चकत्या भाजून द्यायचा, त्या हवेत फेकून आपण उडवायचो. आता चिखल कालवायला पाणी नाही म्हणून फुटकी कौलं फेकतो. शहादेव सुभेदार पेन्शनीवर परत आलेत, ते नेमानं येतात. शाळेतले ज्ञानोबा मास्तर असतात. आणि कौशल्याबाई. त्यांचे मालक तीन वर्षांखाली वारले. बंदुकीचा परवाना बाईंनी आपल्या नावावर करून घेतला. मालक असतानाच दस्ता तुम्ही कापून त्यांच्या खांद्याला बसवून दिला होता, आठवत असेल. दुष्काळात हे कसले शौक, म्हणून भावकी नावं ठेवते. बाई म्हणतात, "आठवडाभर टँकरच्या मागं पळते मी. रविवारी एक तासभर कौल सोडून दुसरं काईच दिसत न्हाई मला. तेवढं तरी राहू द्या की."

आता कामाचं लिहितो. काडतुसं मिळेनाशी झालीत. परदेशी माल बंद, देशी माल येतो तो वरच्या वर उडतो. बीडचा दुकानदार तिप्पट भाव सांगतो आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करतो. वापरलेल्या पितळी नळकांड्या पुन्हा भराव्यात तर बुडाला बसवायच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या नाहीत. दारू तर सगळी विहिरींच्या सुरुंगाला चाललीय. खणणाऱ्याला पाणी हवं, त्याच्यापुढं आम्ही काय तोंडानं मागणार? छऱ्यांसाठी शिसं म्हणून लोक जुन्या बॅटऱ्या फोडायला लागलेत.

म्हणून सुभेदारांनी तोड काढलीय. परवानावाल्यांची सहकारी संस्था. आपण अकरा जण आहोत. संस्था नोंदवली की कारखान्याकडून थेट माल मागवता येतो, मधले दलाल सुटतात. सहकार खात्याचे साहेब आधी फार हसले. "लोक पाण्यासाठी संस्था काढतात, तुम्ही बंदुकीच्या बारासाठी?" पण कागद वाचून म्हणाले, नियमात बसतं. अट एकच. काडतुसं भरणारा आणि बंदुका तपासणारा जाणकार मिस्त्री हवा, त्याचं नाव कलेक्टर कचेरीला कळवावं लागतं.

मंडळींच्या तोंडी एकच नाव आलं. मिस्त्री, तुम्ही या. खोली बघून ठेवलीय. मागं जे झालं ते झालं. आता कुणाच्या मनात काही राहिलेलं नाही.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
त्रिंबक

---

केज,
ता. ५ मार्च १९७३

ती. धुळाजी मिस्त्री यांस,

तुमचं कार्ड पावलं. तीन ओळींचं आहे, पण मी ते आठ दिवस खिशात घालून फिरतोय. दवाखान्यात पुड्या बांधताना काढून वाचतो. तुम्ही लिहिलंय, "त्रिंबकराव, कुनाच्या मनात काय न्हाई म्हन्ता. माझ्या हाय. नळी कशानं फुटली ते तुमाला ठाव हाय अन् मला बी. ते लिवा, मग बोलू."

पहिल्या पत्रात मी पावसाचं लिहिलं, खडीचं लिहिलं, म्हाळू कुंभाराचं लिहिलं. ते सोडून सगळं लिहिलं. आता लिहितो.

पासष्ट सालचा डिसेंबर. लढाईमुळं तेव्हाही दारू आणि टोप्या मिळत नव्हत्या. मी रविवारच्या मंडळींत ऐटीत सांगून बसलो होतो, की सगळ्यांची काडतुसं मी भरून देतो, काळजी नको. मी कंपाउंडर, औषध गुंजेगुंजेनं तोलणारा, म्हणून लोकांचा विश्वास. आणि माझ्याकडं चांगली दारू उरली होती जेमतेम चार बारांची. नाही म्हणून सांगायला जीभ उचलली नाही.

आमच्या मळ्याशेजारी विहिरीचं काम चाललं होतं. तिथल्या सुरुंगवाल्याकडून मी डबाभर दारू घेतली. तो म्हणाला होता, "कंपाउंडर, ही दगडाची हाय, बंदुकीची न्हाई. कावून न्हेता?" मी म्हणालो, दिवाळीचे राहिलेले फटाके करायचेत. ती मी आपल्या दारूत मिसळली. तोललीसुद्धा नाही, डोळ्यानंच घातली. पहिला बार माझाच मी टाकला. तो नळीतून गेलाच नाही, नळीच फाटली. डावा अंगठा तिथंच गेला.

उरलेली काडतुसं शुद्धीवर आल्यावर मी बायकोकडून जुन्या आडात टाकवली. पोलीस दवाखान्यात जबाब घ्यायला आले. सुरुंगाची दारू घेतली म्हटलं असतं तर परवाना गेला असता, नोकरी गेली असती, आणि ज्या सुरुंगवाल्यानं मला बजावलं होतं त्याच्या हातात बेड्या पडल्या असत्या. हे शेवटचं मी स्वतःला फार वेळा सांगितलं. त्याची दया मला तेव्हा आली नव्हती, नंतर सुचली.

नळीला महिन्यापूर्वी तुम्ही डाग देऊन जोड पक्का केला होता. मी म्हणालो, "मिस्त्रीचा डाग कच्चा होता."

एवढं एकच वाक्य. बाकी लोकांनी केलं. तुमचा दुरुस्तीचा परवाना पुढं नवा झाला नाही. गिऱ्हाईक फिरकेना. तुम्ही मला भेटायला दवाखान्यात आलात, फाटलेली नळी हातात घेऊन फिरवून पाहिलीत. डाग शाबूत होता. चीर त्याच्या वीतभर वर होती. तुम्ही ते पाहिलं, मी तुम्हाला पाहताना पाहिलं. तुम्ही नळी खाली ठेवलीत आणि वहिनींनी माझ्यासाठी दिलेला शिऱ्याचा डबा उशाशी ठेवून गेलात. तो शिरा मी खाल्ला, मिस्त्री. याची मला अंगठ्यापेक्षा जास्त लाज वाटते.

हे फक्त तुम्हाला लिहून भागणार नाही हे मला कळतं. काल रविवारी माळावर सगळे जमले तेव्हा कौल फेकायच्या आधी मी उभा राहिलो आणि सांगितलं. सुभेदारांनी मान फिरवली. ज्ञानोबा मास्तर म्हणाले, "अहो, तुमी आमाला बी तीच काडतुसं देणार होतात." मी हो म्हणालो. कौशल्याबाई म्हणाल्या, "आमाला सांगून काय उपेग? जिथं खोटं लिवून दिलं तिथं जाऊन खरं लिवून द्या."

तेव्हा आज सकाळी ठाण्यात जाऊन नवा जबाब लिहून दिला. सुरुंगवाला चार वर्षांपूर्वी वारला, त्याला आता त्रास नाही. फौजदार म्हणाले, "कंपाउंडर, कुणी विचारलं नसताना हे कशाला उकरता?" मी म्हणालो, विचारलंय. नांदेडहून कार्ड आलंय. जबाबाची नक्कल सोबत जोडली आहे. एक कलेक्टर कचेरीला गेली. माझी बंदूक ठाण्यात जमा झाली. नोकरीचं काय होईल ते माहीत नाही. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "सात वर्सं त्या आडाला वळसा घालून पानी आणत व्हते. सुटले मी." तिच्यावरही मी ओझं टाकलं होतं, हे मला आजच कळलं.

तुम्ही या असं आता म्हणवत नाही. नक्कल तुमच्या कामाची आहे. ती घेऊन तुम्ही नांदेडातही परवाना मागू शकता.

तुमचा डाग पक्का होता.

तुमचा गुन्हेगार,
त्रिंबक

---

केज,
ता. १७ डिसेंबर १९७३

ती. धुळाजी मिस्त्री आणि सौ. वत्सलावहिनी यांस,

त्रिंबकचा साष्टांग नमस्कार. अंजनाला मुलगी झाली, बाळबाळंतीण सुखरूप आहेत, हे तुमच्या तारेतून कळलं. सुभेदारांनी ती तार बीडला नेमबाजी सामन्याच्या मैदानावरच वाचून दाखवली. मिस्त्री, तुम्ही आजोबा झालात त्याच दिवशी आपण जिंकलो!

इथं येऊन काडतुसं भरून तुम्ही सामन्याच्या आठ दिवस आधी अंजनाच्या बाळंतपणासाठी निघून गेलात, म्हणून सगळं नीट लिहितो.

पोलीस परेडच्या मैदानावर आठ संघ होते. हिरव्या कोटातला औरंगाबादचा संघ मोटारीतून उतरला. त्यांच्याकडं परदेशी काडतुसांचे रंगीत डबे. कुणी मुंबईहून मोठ्या किमतीला उचललेले. आपल्या मंडळींकडं तुम्ही भरलेली पितळी काडतुसं, कौशल्याबाईंच्या भाकरीच्या दुरडीत फडक्यात गुंडाळलेली. त्यांच्यातला एक जण दुरडीत डोकावून म्हणाला, "ही घरची?" बाई म्हणाल्या, "घरची कशी? सोसायटीची."

माझा परवाना ऑगस्टपर्यंत बंद आहे, त्यामुळं मी दोरीच्या अलीकडं, बघ्यांत. नोकरी वाचली, वरिष्ठांचा ठपका तेवढा आला. तो मी नीट घडी करून ठेवलाय. सुभेदार, मास्तर आणि बाई असे आपले तिघं. प्रत्येकाला पंचवीस चकत्या.

मास्तर पहिल्या चारात तीन चुकले. मग सुभेदार जवळ जाऊन एवढंच म्हणाले, "मास्तर, काडतुसाची काळजी धुळाजीनं केलीय. तुमी नुसतं बगा." पुढच्या एकवीसांत त्यांनी सतरा उडवल्या. सुभेदारांनी बावीस. आणि मग औरंगाबादकरांची पाळी आली, तर दोन वेळा नुसता टिक आवाज! बार गेलाच नाही. महागाचा माल कुठल्या गोदामात किती पावसाळे पडून होता देव जाणे. पंचांनी त्या चकत्या पुन्हा दिल्या, पण माणसाचा ताल एकदा मोडला की मोडला. दोरीपाशी मी उभा होतो, मिस्त्री. वाटलं, आता आपलंही एक फुसकं निघणार.

निघालं नाही. पंच्याहत्तर काडतुसं, पंच्याहत्तर बार.

शेवटी बाई उभ्या राहिल्या. लुगड्याचा पदर कमरेला खोचला, बंदूक खांद्याला लावली आणि अशा थांबल्या जशा विहिरीवर घागर भरायची वाट बघताहेत. आपल्याला जिंकायला बावीस हव्या होत्या. तेवीस उडवल्या. शेवटची चकती तर वाऱ्यानं वर उचलली होती. लोक "गेली, गेली" म्हणायला लागले. बाईंनी तिला वरपर्यंत जाऊ दिलं आणि टोकावर फोडली. लाल भुगा वाऱ्यावर पसरत गेला. केजची मंडळी दोरी तोडून आत. सुभेदार रडत होते आणि कबूल करत नव्हते.

बक्षीस देताना साहेबांनी विचारलं, काडतुसं कोणत्या कंपनीची? बाई म्हणाल्या, "धुळाजी मिस्त्रीची." साहेबांना वाटलं तेही कुठलं दुकान. मग त्यांनी माइकवरून ते नाव तसंच सांगितलं. साऱ्या मैदानानं ऐकलं. ज्या बीडच्या कचेरीत माझ्या जबाबानं तुमचं नाव गेलं त्याच बीडात.

आता संस्थेत नाव घालायला पाटोद्याहून सात अर्ज आलेत, शिरूरहून चार. कारखान्यानं टोप्यांची पुढची पेटी पाठवल्याचं कळवलंय. बीडच्या दुकानदारानं भाव आपोआप उतरवला, तो अजून आपल्याला रामराम करत नाही. यंदा पाऊस झाल्यामुळं म्हाळूनं पुन्हा चाक लावलंय. खोलीला मी चुना काढून घेतला, वहिनींना चूल पूर्वेला हवी होती तशी केली. आड तेवढा बुजवून टाकला.

एक विचारायचं आहे. तुम्ही इथं महिनाभर होतात, माझ्याशी कामापुरतं बोललात. दारू तोलताना तराजू मात्र माझ्या हातात दिलात आणि मागं उभे राहून बघत बसलात. एकदाही चूक काढली नाही. मला माफ केलं का, हे विचारत नाही. ते तुमचं तुमच्यापाशी. विचारायचं ते असं, की ऑगस्टात बंदूक ठाण्यातून सुटली की मी ती आधी तुमच्यापुढं ठेवीन. तुम्ही बंदूक बघा, मग मला बघा. चालवायला दोन्ही लायक आहेत म्हणालात तर माळावर येईन. नाही म्हणालात तर दोरीच्या अलीकडं उभा राहून मोजत जाईन, आणि तेही मला कमी वाटणार नाही.

लेकीच्या लेकीला माझा आशीर्वाद. थंडी सरली की सगळे मिळून या.

तुमच्या भरवशावर,
त्रिंबक