पाण्यावर पाठ

प्रिय दादा,

तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण काल संध्याकाळी वर्ध्याच्या जलतरण तलावात तुझी मुक्ता पाण्यावर उताणी पडायला गेली आणि आधी तिच्या टाचा खाली गेल्या. मग कंबर. मग तिनं मान उचलली, अगदी तुझ्यासारखी.

सोळा वर्षांची झाली रे! चार हात मारते की पलीकडे. तिच्यासोबतची मुलं मागे राहतात. आणि हिला नुसतं पडून राहता येऊ नये?

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "चांगल्या पोहणाऱ्यांचं असं होतं कधीकधी. अंग काटक, पाय जड, हवा सगळी छातीत. त्यात डोकं उचललं की कंबर बुडालीच. कान पाण्यात ठेवून स्वस्थ पडायचं असतं. पण यांचे हातपाय थांबतच नाहीत."

मला आपली वडनेरची शेतातली विहीर आठवली. पाठीवर रिकामा डबा बांधून बाबांनी तुला आत ढकललं होतं. पाठीवर डबा, म्हणजे तोंड कायम खाली! डबा सुटल्यावर एकदा तू गंमत म्हणून उताणा झालास, तर बाबा केवढ्यानं ओरडले, "तिरडीवर पडल्यावानी काऊन पडून राह्यला बे? पलट!" आपल्याकडे तो अपशकुनच. तू पलटलास. पुन्हा कधी तसा पडला नाहीस.

गेल्या वर्षी धरण पोहून पार करायला निघालास आणि अर्ध्यावरून परत फिरलास, तेव्हा तुझे हात गळून गेले होते म्हणे. तुझा मित्र काठावरून ओरडत होता, "उताणा हो! जरा दम घे!" तू झालासही. मग पाय खाली गेले, मान वर आली, आणि नंतर नुसतं सपाट पाणी. होडी पोहोचेपर्यंत तुला थोडा वेळ तरी पडून राहता आलं असतं तर?

घरी तुला तिरडीवर ठेवलं, तेव्हा किती सहज उताणा होतास! मला तुझा रागच आला. बाबांनी एकदा पाहिलं आणि आत निघून गेले. विहिरीवर आता त्यांनी झाकण टाकलंय.

आणि मुक्ताला तेच धरण पार करायचंय. "बाबाचं अर्धं राह्यलं, आत्या. ते मले पुरं करायचं हाय." वहिनी रडते, अबोला धरते; ही ऐकत नाही. मी म्हटलं, "आधी उताणी पडून दाखव." तर हसते. "काऊन? मी थकतच नाई!" तूही हेच म्हणायचास ना रे? दिवाळीच्या सुट्टीत जाणार म्हणते. तेव्हा धरण काठोकाठ भरलेलं असतं.

रोज मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिच्या पाठीखाली तळवा धरते. अंग फळीसारखं ताठ. तळव्याला तिची धडधड लागते. म्हणजे भीती तिलाही आहे, फक्त तोंडानं कबूल करत नाही. काल हळूच हात काढला, तर टाचा पुन्हा गेल्या.

दादा, शब्द देते. डोळे मिटून ती पाण्यावर पडेपर्यंत मी तिला धरणात उतरू देणार नाही. आणि माझं न ऐकता ती निघालीच, तर तिच्याआधी मी उतरेन आणि चालत राहीन, पाणी गळ्याला लागलं तरी. मला पोहता येत नाही, हे तिला ठाऊक आहे.

तुझी,
नंदा