रांगेत आठवलेली एनिड

चि. एनिडला लेस्टरहून थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

मी धडधाकट आहे, खाते, भांडते. लिहितेय नात टेसा; चुका तिच्या, खोड्या माझ्या.

इथल्या पार्किंगखाली ज्याची हाडं सापडली त्या रिचर्ड राजाला पाचशे वर्षांनी पुन्हा पुरणार, म्हणून काल चार तास रांगेत उभी राहून त्याची शवपेटी पाहिली. पुढची बाई डोळे पुसत म्हणाली, “जरा पाठ वाकडी होती, तर मेल्यांनी नाटकात राक्षसच केला की गं त्याला!”

मला तू आठवलीस. ‘कुबडा राजा आला’ ओरडत गल्लीतली पोरं तुझ्यामागे मीच लावली होती. तू रडत आलीस, तर मी आईला म्हणाले, ही खोटं बोलते.

टेसा विचारते, “आजी, माफी मागितलीस?” साठ वर्षांत नाही. आज मागते. तोंडानं मागायची लाज वाटते, म्हणून पोरीच्या हातानं.

पाठ फार दुखते का गं? कधी विचारलंच नाही.

तुझीच,
ग्लॅडिस