चेन पडली

अण्णा, तुम्हाला सायकलीबद्दल सांगायचं आहे, आणि हे ज्याला सांगावं असं दुसरं माणूस आता उरलेलं नाही. आई होती तेव्हा माझ्याकडे ही सायकल नव्हती. आता साठी ओलांडल्यावर ही आहे आणि तुम्ही दोघंही नाही. येत्या रविवारी मला एका गावातून सायकलवर जायचं आहे. गाव आपलं नाही, तिथं मला कोणी ओळखत नाही, पारावरून पलीकडे निघायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तरी मला त्याची धास्ती वाटते आहे, आणि त्या धास्तीसाठी मी तुम्हाला माफ करायला तयार नाही.

मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा लेकीनं लातूरहून ही सायकल पाठवली. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर जाड आणि खरबरीत. खडीवर, मुरमावर चालवायची सायकल. ही मंडळी तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. दर रविवारी उजाडता उजाडता आमचा लहानसा गट नांदेडबाहेर वनखात्याच्या राखीव रानात जातो. मला सोडलं तर सगळे तिशीच्या आतबाहेरचे. आधी मला मॅडम म्हणायचे, आता काकू म्हणतात, आणि चढावर मी मागे पडले की ओरडतात, "काकू, गिअर टाका, जीव नका टाकू!" रानात गवताचे मोठे माळ आहेत. वणवा पसरू नये म्हणून मधून मधून गवत काढून पट्टे मोकळे ठेवलेले असतात, त्यांना जाळरेषा म्हणतात. त्यावरून जाताना चाकाखाली मुरूम करकरतो. उन्हाळा जवळ आला की पळस पेटल्यासारखा दिसतो, एखादं काळवीट मान वर करून आमच्याकडे बघतं आणि परत चरायला लागतं. तेवढा वेळ मी कोणाची कोण, हे मला आठवत नाही. तुम्हालाही हे आवडलं असतं, असं लिहिणार होते. पण खरं म्हणजे मला माहीत नाही. तुम्हाला काय आवडतं ते तुम्ही घरात कधी कळूच दिलं नाहीत. तुम्हाला काय आवडत नाही, एवढंच आम्हाला पाठ होतं.

आठवीत गेले तेव्हा तुम्ही मला सायकल आणली होती. लाल रंगाची, लेडीज, पुढे वेताची टोपली असलेली. रेल्वेच्या ऑफिसातून तुम्ही ती ढकलत घरी आणलीत, वर बसला नाहीत, नव्या सीटवर आधी मी बसावं म्हणून. आमच्या वर्गात सायकल असलेल्या मुली मोजक्याच होत्या. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, पाठ ताठ ठेवा, मान वर ठेवा, चालताना जमिनीकडे बघू नका. मी सायकलवरही तशीच बसायचे. तुम्ही फाटकात उभे राहून बघत असायचात. त्या वेळचा तुमचा चेहरा मला अजून लख्ख आठवतो आणि त्याचाच जास्त राग येतो, कारण तो चेहरा खोटा नव्हता.

मग तो उन्हाळा. देगलूरकडच्या आपल्या गावी जायचं होतं आणि मी हट्ट धरला की सायकल बरोबर घ्यायचीच. तुम्ही ती एसटीच्या टपावर दोरीनं बांधली. फाट्यावर उतरलो. काकांनी त्यांची सायकल पाठवली होती, तिच्या कॅरिअरला आपली पेटी लावून तुम्ही चालत निघालात, आई तुमच्या मागे, आणि मी आपली पुढे मागे चकरा मारते आहे. तुम्ही म्हणालात, "वेशीपाशी थांब. तिथून चालत जायचं." का, ते सांगितलं नाहीत. खरं तर मी लहान असल्यापासून बघत आले होते की गावात शिरताना तुम्ही सायकलवरून उतरता. कोणी विचारलं तर म्हणायचात, "चेन पडली, मालक." एकदा मी वाकून बघितलं होतं आणि मोठ्यानं बोलले होते, "अण्णा, चेन तर नीट आहे!" तेव्हा तुम्ही माझं मनगट असं दाबलं होतं की बांगडी आत रुतली.

त्या दिवशी मी थांबले नाही. वेस आली तशी घंटी वाजवत सुटले. मागून तुमचा आवाज आला आणि तो घरातला आवाज नव्हता. घरात तुम्ही माझ्याशी शाळेतल्यासारखं मराठी बोलायचात, 'लई' आणि 'न्हाई' माझ्या कानावर पडू नये म्हणून आईला दटावायचात. आता तुम्ही ओरडत होतात, "उतर! अगं ए, खाली उतर आधी! लई शानी झाली व्हय?" पारावर चार माणसं बसलेली. त्यातला एक हसून म्हणाला, "काय रं, लेक लई फर्राट चालवायली की तुझी. साहेबीन झाली जनू." तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलेला होता, खिशाला पेन होतं. तुम्ही हात जोडलेत. "लेकरू हाय, मालक. चुकलं." मग तिथंच मातीत उकिडवे बसून माझ्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह काढलात. हवा फुस्सकन गेली. ती माणसं हसली आणि मी ती लाल सायकल ढकलत गल्लीतून चालत गेले. घरी गेल्यावर तुम्ही मला एकच वाक्य बोललात. "पोरीच्या जातीनं असं सायकल उडवत जाऊ नये."

नांदेडला परत आल्यावरही तेच. रोज संध्याकाळी मी शाळेतून आले की तुम्ही व्हॉल्व्ह काढून शर्टाच्या खिशात टाकायचात, पेनाच्या शेजारी, आणि सकाळी परत द्यायचात, शाळेपुरता. गल्लीतल्या मैत्रिणी नदीकडे सायकली घेऊन निघाल्या की मी दारात बसून राहायचे. "तुझी सायकल नेहमी पंक्चर कशी गं असते?" त्या विचारायच्या. दहावी झाली आणि सायकल चुलतभावाला गेली. त्याच्या चाकातली हवा कोणी काढली नाही. म्हणून माझी खात्रीच पटली की अण्णांना मुलगी रस्त्यावर दिसायला नको आहे. त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतं बोलत आले. लग्न होऊन गेले तेव्हाही तुमच्या पाया पडताना वर बघितलं नाही.

तुम्ही गेलात, घरातली माणसं पांगली, आणि एका दुपारी आई भाकरी थापत होती. मी सहज बोलून गेले की अण्णांनी मला एक सायकलसुद्धा धड चालवू दिली नाही. तिचा हात थांबला. म्हणाली, "तुला ठाव न्हाई व्हय गं? रेल्वेत लागल्यावर त्यांनी पयली सायकल घेतली अन् बसून गावात आले. त्याच पारापाशी वढून खाली पाडलं. लई मारलं. सायकल दगडानं चेचली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"म्या म्हणलं व्हतं सांगा म्हणून. तर म्हणले, तिला ते म्हाईतच नको. ती कान्व्हेंटची पोर हाय, तिची मान ताठच राहू दे."

तव्यावरची भाकरी करपली त्या दिवशी. आईनं ती स्वतःच्या ताटात घेतली.

मान ताठ राहावी म्हणून तुम्ही माझी सायकल जमिनीला बसवलीत, अण्णा. पोरीची जात म्हणालात. जात हा शब्द तुम्हीच उच्चारलात आणि त्याच्या आड दुसरी जात लपवलीत. त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळ्यात दंगलीत आपल्या जिल्ह्यात कोणाची घरं जळाली ते मी मोठेपणी वाचलं, तुमचं भ्यायचं कारण मला कळतं. पण तुम्ही खरं सांगितलं असतं तर मी त्या चार माणसांचा राग केला असता. तुम्ही मला खोटं दिलंत, म्हणून मी जन्मभर तुमचा राग केला आणि ती माणसं पारावर निवांत बसून राहिली. तुम्ही आजारी होतात तेव्हा मी दवाखान्यात रोज यायचे, पाण्याची बाटली भरायचे, नर्सशी इंग्रजीत बोलायचे. तेव्हाही तोंड उघडलं नाहीत. एवढा वेळ होता आपल्याला.

आता या गावाचं सांगते. रानातून बाहेर पडणारी वाट एका गावातून डांबरी रस्त्याला लागते. तिथं पिंपळाला पार आहे आणि पाराशेजारी चहाची टपरी. मागे एकदा आम्ही तिथं थांबलो. माणसं चांगली, मुलांना आमच्या सायकली उचलून बघायच्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "या वयात लई हिंमत हाय मावशी तुमची. कुठल्या म्हणायच्या तुम्ही?" मी गाव सांगितलं. "अन् आडनाव?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं, बरं." झालं एवढंच. चहा मिळाला, इतरांना मिळाला तसाच. फक्त ते 'बरं, बरं' यायला जरा वेळ लागला, आणि त्यानंतर त्यांनी आमच्यातल्या दुसऱ्याच कोणाला काहीतरी विचारलं. माझ्याबरोबरच्या मुलांना त्यात काही दिसलं नाही. कदाचित नव्हतंही.

गेल्या रविवारी पुन्हा तीच वाट होती. पुढची मुलं घंट्या वाजवत, हात हलवत गावात शिरली. वेस दिसली आणि माझा पाय आपोआप खाली टेकला. माझ्या या सायकलच्या टायरात ट्यूबच नसते, अण्णा. काटा गेला तरी आतलं औषध भोक बुजवून टाकतं. हवा काढायला कोणी आलेलं नव्हतं. मी उतरले आणि हँडल धरून, खाली बघत चालू लागले.

मी दिसत नाही म्हणून गटातली एक मुलगी मागे वळून आली. "काय झालं, काकू?"

"चेन पडली," मी म्हणाले. विचारसुद्धा करावा लागला नाही.

ती सायकल आडवी टाकून वाकली, बोटानं चेन चाचपली आणि हसत मोठ्यानं म्हणाली, "काकू, चेन तर नीटच आहे की!" पारावर ऐकू गेलं.

रविवारी मी सीटवर बसून जाईन, असं लिहून हे संपवायचं मनात होतं. तसं लिहीत नाही, कारण मला माहीत नाही. मात्र एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. ती मुलगी ते बोलली तेव्हा माझा हात तिच्या मनगटापर्यंत गेला होता.