कारपेट अजून बसतंय

१४ मे २००६, रविवार
हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कारपेट टाकलं. आमच्या कोन गावात पहिलंच असेल. दुकानदार म्हणत होता, आमचा माणूस मशीनने ताणून बसवेल, नाहीतर वापरून ढिलं पडतं, गोळा होतं. नको म्हटलं. पसरायचं, कडेनं चिकटवायचं, त्यात ताणायचं काय? मी आणि पुतण्या भावेशनं दुपारीच उरकलं. अण्णांनी अनवाणी चालून पाहिलं. 'मऊ हाय रं,' म्हणाले. वडिलांच्या गुडघ्यांसाठीच तर घेतलं.

२ जुलै
सोफ्यापुढे बारीक सुरकुती. हवा दमट आहे. जाईल.

१६ जुलै
सोफा ओढून सुरकुतीवर ठेवला. ती दबली, पलीकडे मोठी निघाली. बायको कमळ म्हणाली, दुकानाच्या माणसाला बोलवा. तिला टेक्निकल कळत नाही. कारपेट अजून बसतंय.

६ ऑगस्ट
कापड धुतल्यावर आकसतं, म्हणून शाम्पू टाकून भरपूर पाण्यानं धुतलं. आकसलं नाही. कडेला सुटलं. पाय ठेवला की फुगवटा पुढे पळतो. 'घरान भरती आली काय?' अण्णांनी विचारलं. सगळे हसले. मीही. हल्ली ते भिंतीला धरून चालतात. वय झालं.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ
टीव्ही लावायला जाताना अण्णा पडले. खुब्याचं हाड मोडलं. भिवंडीत अॅडमिट केलं. डॉक्टरांनी विचारलं, कसे पडले? चक्कर आली, मी म्हणालो. अण्णा शेजारी कॉटवरच होते. 'हां, चक्करच आली,' म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

२० ऑगस्ट
चक्करच असणार. बीपी आहेच त्यांना. कमळ माझ्याशी बोलत नाही. दमली असेल.

३ सप्टेंबर
दुकानाचा माणूस येऊन गेला. सगळ्या कडा सोडवून मशीनने ताणलं. भिंतीशी वीतभर जास्तीचं निघालं, ते कापून टाकलं. म्हणजे त्यांनी कारपेटच मोठं दिलं होतं. कमळला हे सांगितलं. ती उठून आत गेली.

१० सप्टेंबर
अण्णांना घरी आणलं. वॉकर धरून हॉलच्या दारात थांबले. पुढे येईनात. कारपेट एकदम सपाट झालंय म्हणालो, स्वतः चालून दाखवलं. परत येऊन पुन्हा दाखवलं. कुठंही पाय ठेवा, काही होत नाही.
अण्णांनी वॉकर सोडून कमळचा हात धरला. तिला विचारलं, 'पोरी, पाय कुठं ठेवू?'