जन्माआधीचं झबलं

४ जाने.
स्पॅनिशचा क्लास सकाळी सात ते आठ, मोबाइलवर. मॅडम पुण्याच्या, माझ्या लेकीच्या, रेणूच्याच वयाच्या. मी चोपन्न वर्षांची, हिंगोलीकडच्या गोरेगावात ब्लाउज शिवणारी बाई. लेक स्पेनमध्ये, आठवा लागलाय. मार्चमध्ये बाळंतपणाला मीच जाणार. व्हिसा आला. जाऊबाई म्हणाल्या, "पोरीनं माहेरी यावं का मायनं तिकडं जावं? उलटी गंगा!" म्हटलं, वाहू द्या.

७ जाने.
आज 'तयार करणे'. आपलं एका शब्दात भागतं, स्पॅनिशचं ज्याचं त्याचं वेगळं. स्वयंपाकाला प्रेपारार. खोली आवरायला आर्रेग्लार. बॅग भरायला आसेर. मी बॅगेला आर्रेग्लार लावलं, मॅडम हसल्या. हसा. तुम्हाला बाही जोडायला दिली की मीही हसेन.

८ जाने.
गृहपाठ : घरातल्या तयारीची दहा वाक्यं. नऊ झाली. दहावं बाळाच्या कपड्यांचं सुचलं. प्रेपारार बसतं, हेही कळलं. पण हात चालेना. आमच्याकडे लेकरू हातात आल्याशिवाय झबलं शिवत नाहीत. कुणी आधी शिवायला आलं तर मीच परत पाठवते. नऊच पाठवली.

९ जाने.
रेणूचा फोन. तिकडे दवाखान्यात जायच्या आधी बाळाची बॅग भरून ठेवावी लागते म्हणे, यादीच दिलीय. "आई, झबली तुझ्या हातची पाहिजेत. शिवून आण." बघू म्हणाले. माझं बघू म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून माहीत.

११ जाने.
झोप नाही धड. रेणूच्या आधीचा मुलगा. सातव्यात त्याच्यासाठी एक पिवळं झबलं शिवलं होतं, हौसेनं. एक दिवस जगला. तापानं गेला. हिंगोलीला न्यायला जीप मिळाली नाही. पण घरात दोष लागला झबल्याला, म्हणजे मला. सासूबाई मरेपर्यंत बोलल्या. मीही खरं मानलं, आणि तेच दुसऱ्यांच्या पोरींना सांगत आले. मला माझीच लाज वाटते.

१२ जाने.
यांचं जुनं धोतर फाडलं. मऊ आहे. हे म्हणाले, "फाड. दुसरं बी हाय." बाकी काही नाही. बरं वाटलं.

१३ जाने.
जाऊबाई आल्या. मशीनवर काय आहे ते पाहिलं, दारातच थांबल्या.
"काहून शिवून राहिलीस? लेकरू पोटात हाय अजून!"
"म्हणूनच."
"एकदा भोगलंस न्हाई का?"
"जीप न्हवती आक्का. झबलं काय करंल?"
चहा न घेता गेल्या. मी पुढची टीप मारली, सरळ आली.

१४ जाने.
दहावं वाक्य लिहिलं. प्रेपारो ला रोपा देल बेबे. मॅडम म्हणाल्या, "बरोबर! पण उशीर का?"

२९ जाने.
पाच झाली. दुकानात दोरीवर वाळत घातली, मुद्दाम रस्त्याच्या बाजूला. बायका बघतात, पुढे जातात. वेशीजवळच्या घरची सून मात्र आत आली. आठवा चालू. हळूच, "मामी, मलाबी द्याल का?" सासूला विचार म्हणाले नाही. माप नसतंच, कापड मागितलं.

२ फेब्रु.
सकाळी रेणूच्या फोनवरून तिची शेजारीण, कार्मेन. रेणूला दवाखान्यात ठेवलंय, महिनाभर आधीच. बोलणं भराभर, निम्मं कळलं. लेकरू आज येईल किंवा डॉक्टर कळा थांबवतील. एक नीट कळलं : बाळाचे कपडे?

जाऊबाई समोरच. "सांगितलं व्हतं का न्हाई तुला?"

त्यांच्याकडे न बघता फोनमध्ये बोलले, मोठ्यानं. कपडे तयार आहेत. मी आधीच शिवलेत. मी येतेय. क्रियापदं कुठली लागली आठवत नाही. कार्मेनला कळलं. "ब्येन, ब्येन," म्हणाली.

"काय म्हन्लीस तिला?"
सांगितलं.
"परक्या बाईला काहून?"
"रेणूपाशी तीच हाय."

हे हिंगोलीला गेलेत, आजचं तिकीट मिळतं का बघायला. दुपार झाली, पुन्हा फोन नाही. भीती वाटते. पण ती झबल्याची नाही. जाऊबाई उठून गेलेल्या नाहीत.

सहावं बेतायला घेतलंय.